सोमवारच्या आत सांगली

बुधवार

निघायला साडेनऊ झाले कारण भाच्याच्या बॅगा गाडीत बसेनात. एक टेनिसची लांबडी बॅग, तिच्यात सहा रॅकेट, दुसरी कपड्यांची, तिसरीत शूज, रबरबँड, फोम रोलर असलं काहीबाही, आणि चौथी एक सुटकेस जिला नुसता हात लावला तरी हा ओरडतो, "मामा हळू!" तिच्यात स्ट्रिंगिंग मशीन आहे. म्हणजे रॅकेटला तार भरायचं यंत्र. मला आधी वाटायचं हे काम दुकानदार करतात. करतात पण प्रत्येक रॅकेटमागं मजुरी घेतात आणि हा आठवड्याला आठ-दहा वेळा तार बदलतो, मग सेकंडहँड मशीन घेतलं आणि आता रात्री हॉटेलच्या खोलीत स्वतःच भरत बसतो.

तर भाचा. वय २२, मूळचा सांगलीचा, चौदाव्या वर्षापासून पुण्यात माझ्याकडं राहून खेळला, आता प्रो आहे. प्रो म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर गाडी बंगला येतो. आमच्याकडं गाडी माझी आहे आणि बंगला कुणाचाच नाही, उलट माधवनगर रोडला दाजींचा एक प्लॉट होता तो पण याच्या टेनिसला गेला.

घरी सगळ्यांना सांगितलेलं की पोरगं चार दिवस आराम करायला चाललंय. खरं कारण वेगळं. सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्यांकडं दाजींनी शब्द टाकला होता, पोराच्या प्रवासखर्चाला काही मदत होईल का म्हणून, आणि त्यांनी शुक्रवारी सकाळी मार्केट यार्डात या म्हणून निरोप दिलेला. आणि येत्या सोमवारी भाच्याचे पॉइंट पडणार होते. हा निव्वळ योगायोग, व्यापाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता, पण मी मनात म्हटलं बास, सोमवारच्या आत काम उरकायचं.

पॉइंट पडणार म्हणजे काय हे मला स्वतःला कळायला दोन वर्षं लागली, त्यामुळं सांगतो. टेनिसची क्रमवारी ५२ आठवड्यांची असते. आज जिंकलेले पॉइंट पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात गळून पडतात, मग तुम्ही खेळा नाहीतर घरी झोपा. तेवढेच परत कमावले तर आहे तिथं राहता, जास्त कमावले तर वर चढता, नाहीतर खाली. शाळेतल्या मार्कांसारखं एकदा मिळाले की मिळाले असं नाही. १९७३ च्या ऑगस्टात पहिल्यांदा कॉम्प्युटरवर ही यादी काढली, तेव्हा पहिला नंबर इली नास्तासेचा होता, त्याआधी कुणाला स्पर्धेत घ्यायचं हे आयोजकच नावं बघून ठरवायचे. आता निदान हिशोब तरी आहे. पण हिशोब कसला, तळाला भोक पडलेली घागर आहे ती.

खंबाटकीचा घाट चढताना पुढं एक ट्रक गिअर बदलत बदलत चाललेला, ओव्हरटेकला जागा नाही, म्हणून मी त्याला विचारलं, आत्ता तुझे नक्की किती? म्हणाला अकरा. त्यातले एका सेमीफायनलचे चार, दोन क्वार्टरचे दोन-दोन, आणि तीन वेळा पहिली मॅच जिंकली त्याचे एक-एक. सोमवारी सेमीफायनलचे चार जाणार. राहिले सात.

हे सगळं एम-१५ चं. सगळ्यात खालची पायरी ती. १५ हजार डॉलरची स्पर्धा, हे १५ हजार सगळ्या खेळाडूंत मिळून वाटायचे. अख्खी स्पर्धा जिंकली तर १५ पॉइंट आणि २,१६० डॉलर. मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, पहिल्याच फेरीत हरला तर १५६ डॉलर आणि पॉइंट शून्य. त्याच्या वर एम-२५, त्याच्या वर चॅलेंजर, तिथं जिंकणाऱ्याला ५० पासून १७५ पर्यंत, मग एटीपीचे, म्हणजे पुरुष टेनिसच्या संघटनेचे, २५०, ५००, १०००, आणि सगळ्यात वर ग्रँडस्लॅम, २,००० पॉइंट. २०२५ च्या विम्बल्डनला नुसती पहिली फेरी हरणाऱ्याला ६६ हजार पौंड होते. म्हणजे पाऊण कोट रुपये, हरून. आणि आमचं पोरगं अख्खी स्पर्धा जिंकलं तरी दोन लाखाच्या आतबाहेर.

दुपारी साताऱ्यात पोचलो. सदर बझारात माझ्या कॉलेजच्या मित्राकडं मुक्काम. वहिनींनी कंदी पेढे पुढं केले, भाच्यानं एकातला अर्धा मोडून घेतला आणि उरलेला अर्धा माझ्या ताटलीत ठेवला. वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, एवढा राबतो आणि पेढा खात नाही?" मित्र म्हणाला नंबर किती. भाचा म्हणाला एक हजार ऐंशीच्या आसपास. मित्र गप्प झाला. मग विचार करून म्हणाला, "जिल्ह्यात?"

जगात रे बाबा, जगात.

रात्री गच्चीवर बसलो होतो तेव्हा त्यानं फोन दाखवला. मागच्या स्पर्धेत तो एक हातातली मॅच हरला, त्या रात्री आलेले मेसेज. कुठल्या कुठल्या देशातली माणसं, कोण कुठला माहीत नाही, आईवरून बहिणीवरून शिव्या, पाय मोडीन म्हणून धमक्या. मी हादरलो. तो म्हणाला, "बेटिंगवाले आहेत मामा. आमच्या एम-१५ वर पण पैसे लावतात." बघायला गॅलरीत पाच माणसं नसतात, त्यातली दोन समोरच्याच्या घरची, आणि कुठल्या तरी देशात एक माणूस याच्या डबल फॉल्टवर आपला पगार लावून बसलाय. मला त्या रात्री झोप लागली नाही. तो दहाव्या मिनिटाला घोरायला लागला.

गुरुवार

पहाटे साडेपाचला अजिंक्यतारा. मी चालत, तो पळत. गडावर डांबरी रस्ता जातो त्यामुळं सातारकरांची निम्मी जनता सकाळी तिथंच असते, स्वेटर घातलेले आजोबा, पोलीसभरतीची पोरं, हिल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या बायका. हा एकदा वर जाऊन खाली आला, मला वाटेत भेटला, परत वर गेला. मी दरवाज्यापाशी पोचलो तेव्हा तो पायऱ्यांवर बसून बुटाची लेस सोडत होता. वरनं खाली सगळं सातारा धुक्यात, पलीकडं यवतेश्वर, आणि दुसऱ्या अंगाला सज्जनगडाचा माथा. एक आजोबा त्याच्याशी बोलत बसले, मिल्ट्रीत होते म्हणे. टेनिस म्हटल्यावर म्हणाले, "आमच्या शेरेवाडीची अदिती स्वामी बघितलीस का, २०२३ ला बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाली, सतरा वर्षाची पोर, धनुष्यबाण." भाचा म्हणाला हो आजोबा माहितीय. आजोबा म्हणाले, "तुझं वय किती?" हा प्रश्न त्याला आवडत नाही.

पण त्यावर माझ्याकडं उत्तर होतं, उतरताना दिलं. व्हॅलेंटिन वाशरो. २०२४ च्या फेब्रुवारीत बालेवाडीला चॅलेंजर होती, मोनॅकोचा हा उंच पोरगा तिथं जिंकला, आम्ही दोघं स्टँडात बसून बघितला, शेंगदाणे खात. तोच वाशरो २०२५ च्या ऑक्टोबरात शांघायला गेला, नंबर २०४, क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे मेन ड्रॉत शिरायला आधी खेळाव्या लागतात त्या मॅचमध्ये, सुद्धा आधी वेटिंगवर होता, कोणीतरी नाव काढलं म्हणून खेळायला मिळालं, आणि गड्यानं सेमीफायनलला जोकोविचला पाडलं आणि फायनलला स्वतःच्या मावसभावाला की मामेभावाला, काय असेल ते, कझिन, हरवून मास्टर्स, म्हणजे ती १००० वाली स्पर्धा, जिंकली. मास्टर्सच्या इतिहासात एवढ्या खालच्या नंबरचा कोणी जिंकला नव्हता. एका स्पर्धेत २०४ वरून ४०. वय तेव्हा २६.

भाचा म्हणाला, "मामा, २०४ आणि एक हजार ऐंशी यात किती अंतर आहे माहितीय का." मी म्हटलं, ८७६. तो हसला. वजाबाकी बरोबर होती तरी हसला.

कराडजवळ गोळेश्वरला गाडी वळवली, माझा हट्ट. खाशाबा जाधवांचं गाव. घराचं नावच ऑलिंपिक निवास. १९५२ ला हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं मेडल. मेडल सगळ्यांना पाठ असतं, जायचे पैसे कुठनं आले ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गावानं वर्गणी काढली, दारोदार फिरले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. जिंकून आल्यावर कराड स्टेशनपासून दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मिरवणूक संपल्यावर या माणसानं काय केलं तर कोल्हापुरात कुस्त्या लावून लोकांचे पैसे फेडले. भाचा ते ऐकत उभा होता. मग म्हणाला, "त्यांना एकदाच जायचं होतं मामा. मला दर आठवड्याला जायचं असतं." 

खोटं नाही ते. गेल्या वर्षभरात त्यानं १९ स्पर्धा खेळल्या. त्यातल्या आठ ठिकाणी क्वालिफाइंगलाच हरला म्हणजे हातात शून्य. उरलेल्या अकरांत मिळून साधारण ३,२०० डॉलर, म्हणजे पावणेतीन लाख, टॅक्स कापायच्या आधी. खर्च बारा लाखाच्या वर, तो सुद्धा कोच बरोबर न नेता, खोली दुसऱ्या खेळाडूबरोबर वाटून घेऊन आणि कपडे बेसिनमध्ये धुऊन. भारतात स्पर्धा नसल्या की इजिप्तच्या शर्म अल शेखला नाहीतर ट्युनिशियाच्या मोनास्तिरला जायचं, तिथं एकाच जागी आठवड्यामागून आठवडा स्पर्धा असतात, म्हणून तिकीट एकदाच. आणि हे काय फक्त आमचंच रडगाणं नाही. सुमित नागल, तेव्हाचा भारतातला एक नंबरचा, २०२३ च्या सप्टेंबरात त्यानं सांगितलं होतं की खात्यात ९०० युरो राहिलेत. ८० हजार रुपये. आणि वर्षाचा खर्च ८० लाख ते कोटभर. पुढं चार महिन्यांत त्यानं ऑस्ट्रेलियन ओपनला बुब्लिकला हरवलं, ग्रँडस्लॅमला मानांकित खेळाडूला एकेरीत हरवणारा भारतीय ३५ वर्षांनी बघायला मिळाला, मग चेन्नईची चॅलेंजर जिंकून पहिल्या शंभरात, जुलैपर्यंत ६८. आणि पुढच्या वर्षी तेच आठवडे परत आले, तेच पॉइंट पडले, परत शंभराच्या बाहेर. घागर.

पेठ नाक्यावरनं सांगलीकडं वळलो आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागं लाल फडकं, पुढं गाण्यांचा आवाज, आणि त्यांच्या मागं आपण तासाला वीसच्या स्पीडनं. आष्ट्याच्या अलीकडं टायर बसला. माझीच चूक, दोन वर्षं बदलीन बदलीन करत होतो. स्टेपनी काढायची तर डिकीतल्या सगळ्या बॅगा बाहेर, रस्त्याच्या कडेला ऊस आणि धुरळ्यात सहा रॅकेट आणि ती सुटकेस. भाचा सुटकेस मांडीवर घेऊन दगडावर बसला, बाळ घेऊन बसतात तसा. जॅक मी लावला.

विश्रामबागला ताईकडं पोचायला साडेचार. दारातच, "वाळलास की रं." मग माझ्याकडं बघून, "तू मात्र बरा दिसतोयस."

शुक्रवार

मार्केट यार्डात शिरलं की आधी वास येतो, मग पिवळं दिसतं. फेब्रुवारी संपत आला की नवीन हळद यायला लागते. पोत्यांच्या थप्प्या, तोंडं उघडी, हमालांचे पाय घोट्यापर्यंत पिवळे, सौदा चाललेला, एक माणूस मूठभर हळकुंडं उचलतो, एक मोडतो, मोडल्यावर आतला रंग बघतो आणि भाव बोलतो. भाच्यानं पांढरे शूज घातले होते. ताई सकाळीच म्हणाली होती घालू नको म्हणून.

व्यापारी साठीच्या पुढचे. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. गादीवर बसलेले, समोर वही, वहीवर मोबाईल. दाजी दोन्ही हात जोडून बसलेले, दाजींना मी असं कुणापुढं बसलेलं बघितलं नव्हतं. चहा आला. मालक म्हणाले, "टेनिस आम्ही पण बघायचो ओ. विजय अमृतराज. रमेश कृष्णन. रमेशचा हात काय हात होता, रागच नाही कधी." भाचा एकदम सरसावला, "रमेश सर १९८५ ला तेविसावे होते जगात. आणि १९८७ ला आपण डेव्हिस कपच्या फायनलला होतो, स्वीडनमध्ये." मालक म्हणाले, "हरलो." भाचा म्हणाला, "हो. पाच-शून्य."

मला वाटलं जमलं.

मग मालकांचा मुलगा आला, तिशीचा, कानात ते बिनवायरचं बटण. त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. टीव्हीवर दिसतो का? नाही, काही ठिकाणी ऑनलाइन लाइव्ह असतं, एकच कॅमेरा, मागनं. टीशर्टवर नाव टाकलं तर कोण बघणार? भाचा गप्प. मुलगा म्हणाला, "आपल्या सांगलीची स्मृती बघा, वर्ल्डकप आणला. क्रिकेट असतं तर मी पप्पांना विचारलंच नसतं." तो काही वाईट बोलला नाही, खरंच होतं ते. स्मृती मानधनाचा अभिमान आम्हाला पण आहेच, नोव्हेंबरात फायनलच्या रात्री विश्रामबागच्या चौकात मी स्वतः पेढे वाटलेत. पण दर वेळी तिच्याशी माप लावलं की आमच्या पोराचं तोंड बघवत नाही.

मालकांनी विचारलं, आता नंबर किती. दाजी म्हणाले, "एक हजार अठ्ठ्याहत्तर." मी मान हलवली. अगदी बरोबर होतं, त्या शुक्रवारी एक हजार अठ्ठ्याहत्तरच होता.

आणि भाचा म्हणाला, "सोमवारी पडणार आहे."

मी टेबलाखालून पाय मारला असता पण गादीवर टेबल नसतं. दाजींनी माझ्याकडं बघितलं. मालक म्हणाले, पडणार म्हणजे? मग त्यानं सगळं सांगितलं, ५२ आठवडे, मागच्या वर्षीची सेमीफायनल, अकरातले चार, बाराशेच्या पुढं जाईन म्हणाला. मी कपाळाला हात लावायचा बाकी होतो. एवढा लांबून आलो, टायर फुटला, सगळं केलं आणि या गड्याला इथंच हरिश्चंद्र व्हायचं होतं.

मालकांनी वही बंद केली. म्हणाले, "म्हणजे मागल्या सालाचा माल ह्या सालात धरायचा नाही. असंच का?"

भाचा म्हणाला, हो.

"पेवात घालून ठेवता येत नाही."

"नाही."

हरिपूरची पेवं ज्यांनी बघितली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, जमिनीत खणलेली खोल भुयारं, तोंड लहान आणि पोट मोठं, त्यात हळद घालून वर माती लिंपून टाकायची, भाव येईपर्यंत वर्षानुवर्षं हात लावायचा नाही. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पाण्यात गेली. मालकांची पण गेली होती, हे दाजींनी मला नंतर सांगितलं. मालक थोडा वेळ बाहेरच्या सौद्याकडं बघत बसले. मग मुलाला म्हणाले, "धंदा वाईट आहे. पण ह्यानं तोट्याचं आधी सांगितलं." आणि भाच्याला म्हणाले, वर्षाचं मी बोलत नाही, तीन महिन्यांची तिकिटं आणि राहायचं, हिशोब महिन्याला, आणि सोमवारी नंबर किती झाला तो मला फोन करून सांगायचा, तुझ्या बापानं नाही, तू.

मुलगा म्हणाला, टीशर्टवर नाव? मालक म्हणाले, "कशाला, कोण बघतंय."

बाहेर आल्यावर शूज पिवळे झालेले. दाजी यार्डाच्या गेटपर्यंत काही बोलले नाहीत आणि गेटपाशी भडंगाची चार पाकिटं घेतली, घरात आधीच सहा होती.

शनिवार

मिरज. खरं म्हणजे दर्ग्यात जायचं होतं, ताईचा नवस. पण जवळच सतारमेकरांची गल्ली आहे आणि भाच्यानं ती सांगलीत वाढून कधी बघितली नव्हती, मला आश्चर्यच वाटलं. दुकानात वर भोपळे टांगलेले, पंढरपूरकडनं येतात ते, खाली तंबोऱ्यांची अर्धवट पोटं, लाकडाचा भुसा, लाखेचा वास. ही मूळची शिकलगार मंडळी, हत्यारं घडवणारी आणि धार लावणारी, एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून वाद्यांकडं वळली, पटवर्धन सरकारांचा आश्रय, आणि आता मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग पण मिळालाय.

एक म्हातारे कारागीर जवारी काढत बसले होते. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, सूर खुलावा म्हणून कानसीचा एक हात, फुंकर, तार छेडायची, ऐकायचं, परत कानस. केसभर जास्त घासलं तर गेलं काम. भाचा त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि दहा मिनिटं उठेना. ताई म्हणाली चला रे. तो म्हणाला थांब. मग गाडीत गेला आणि दोन रॅकेट घेऊन आला, मला कळेना काय चाललंय.

"चाचा, हे जरा बघा."

चाचांनी रॅकेट हातात घेतलं, वजन बघितलं, उलटं केलं, आणि मग नखानं मधली तार छेडली. टंग्. दुसरं घेतलं. टंग्. मला दोन्ही सारखंच. चाचा म्हणाले, "ही उतरलीय." भाचा हसायला लागला. दोन्ही रॅकेटला ताण सारखाच दिलेला, ५० पाउंड, पण एक काल रात्री भरलेलं आणि दुसरं पाच दिवसांपूर्वीचं, दोन प्रॅक्टिस झालेलं. चाचा म्हणाले, कशाची तार आहे? पॉलिएस्टर. "मग उतरणारच की. प्लॅस्टिक ते."

मग भाच्यानं त्यांना सांगितलं की आधी रॅकेटला पण आतड्याची तात असायची, अजून असते, महाग असते. फ्रान्सच्या बाबोलानं १८७५ ला पहिल्यांदा टेनिससाठी तात बनवली, त्याआधी ते लोक वाद्यांच्याच तारा करायचे. चाचांनी मान डोलावली, त्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही, तारवाला तारच करणार. फेडरर उभ्या तारा तातीच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या लावायचा. आमच्याकडं पूर्ण तातीची परवड नाही, एका रॅकेटला चार हजाराच्या आसपास जातात आणि जोरात मारणाऱ्याची दोन दिवसांत तुटते. म्हणून हा दोनशे मीटरचं रीळ आणतो, बारा मीटर एका रॅकेटला, सोळा रॅकेट निघतात, वरचा तुकडा पण फेकत नाही.

चाचांनी विचारलं, किती उतरलं हे तुला खेळताना कळतं का? तो म्हणाला, बॉल लांब जायला लागतो, बेसलाइनच्या बाहेर, एक वीत. चाचा म्हणाले, "मग कान कशाला, तुझा बॉलच सांगतो." आणि जायच्या वेळी त्यांनी एक गोष्ट केली, उतरलेलं रॅकेट परत घेतलं, कानाशी धरून छेडलं, शेजारच्या तंबोऱ्याची एक तार खुंटी पिळून पिळून तेवढ्याच सुरात आणली आणि दोन्ही एकामागून एक वाजवली. गल्लीतली दोन पोरं बघायला थांबली. ताईनं फोटो काढला, त्यात चाचांचा अर्धाच चेहरा आलाय.

रविवार

काही नाही. सकाळी एका क्लबच्या कोर्टवर दोन तास, समोर पन्नाशीचे एक डॉक्टर, भाचा त्यांना हळू मारत होता आणि ते "जोरात मार रे" म्हणत होते, एकदा मारला तर ते बाजूला झाले. संध्याकाळी गणपती, मग आयर्विन पुलावर चालत. नदी खाली गेलेली. दुपारी झोप.

सोमवार

उठलो तर तो गच्चीत फोन घेऊन बसलेला. मी विचारलं नाही. त्यानंच फोन माझ्याकडं केला. १,२४३. म्हणजे १६५ माणसं एका रात्रीत याच्यापुढं गेली आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी काही केलं सुद्धा नसेल.

ताईनं खालनं विचारलं, पोहे करू का थालीपीठ.

नऊ वाजता त्यानं यार्डात फोन लावला. स्पीकरवर नव्हता पण मालकांचा आवाज मोठा, मला ऐकू येत होतं. "किती?" "बाराशे त्रेचाळीस." पलीकडं हमालांचा गोंगाट. "बरं. नवीन माल कधी?" हा म्हणाला रविवारी क्वालिफाइंग आहे, दोन मॅच जिंकल्या तर मंगळवारी नाहीतर बुधवारी मेन ड्रॉ. "बुधवारी फोन कर. हरलास तरी कर." आणि ठेवला.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं जायचं होतं, मिरजेहून, स्पर्धा दक्षिणेत. तिकीट मालकांनी काढलं, स्लीपरचं. दाजी म्हणाले थर्ड एसी तरी काढायचं, भाचा म्हणाला असू दे. मी, ताई, दाजी, तिघं प्लॅटफॉर्मवर. भडंगाची पाकिटं कपड्यांच्या बॅगेत कोंबली, ती बंद होईना म्हणून दोन परत काढली. गाडी लागली तशी गर्दी झाली, दाजींनी पुढं होऊन एक बॅग आत टाकली, दुसरी टाकली, आणि तिसरी म्हणून ती सुटकेस उचलली.

आतनं आवाज आला, "पप्पा हळू!"